फौजी काकांच्या रायफलीचं माहेर कसं शोधावं

इंदूरच्या राजेंद्रनगरात तेवीस वर्षं माझा टायपिंगचा क्लास होता. सकाळी मुलं-मुली, दुपारी जॉब वर्क. महूच्या लष्करी छावणीकडची गाडी राजेंद्रनगरला थांबायची, त्यामुळे दुपारी येणाऱ्यांत निवृत्त फौजी पुष्कळ. पेन्शनचे अर्ज, एरियर्सची स्मरणपत्रं, दाखल्यांच्या नकला. कागद मशीनवर चढवेपर्यंत गप्पा आणि उतरवल्यावर पुन्हा गप्पा.

१९९४ च्या सुमारास एक सुभेदार काका आले. माझ्या टेबलावर शोभेला एक जुनं, बंद पडलेलं अंडरवुड ठेवलेलं होतं. काका त्याच्याकडे बघतच राहिले. म्हणाले, ‘‘ताई, ही बंदूकवाली कंपनी तुमच्याकडे कशी काय?’’

मी हसले. ‘‘काका, ही टाइपरायटरची कंपनी.’’

‘‘असेल. पण मी हे नाव कोरियात कार्बाइनवर वाचलंय.’’

ऊन लागलं असेल, असं मला वाटलं. त्यांचं काम करून दिलं, पंधरा रुपये घेतले आणि विषय संपला. काका खरं बोलत होते हे मला दोन वर्षांनी कळलं, आणि तेव्हापासून हा नाद लागला. आजवर चाळीसेक जणांच्या रायफलीच्या आठवणी टाइप करून ठेवल्यात. तुमच्या घरात, गल्लीत असे कुणी आजोबा-काका असतील तर त्यांच्याकडून हे कसं काढून घ्यायचं, ते माझ्या चुकांसकट सांगते.

आधी एवढं समजून घ्या की फौजी आपल्या हत्याराला कंपनीच्या नावाने ओळखतच नाही. तो ओळखतो बट नंबराने, म्हणजे रायफलीच्या लाकडी दस्त्यावरच्या नंबराने. कोतीतून, म्हणजे हत्यारांच्या कोठारातून, रायफल काढताना, परत जमा करताना, हरवली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, सगळीकडे बट नंबर. पन्नास वर्षांनीही तो झोपेत विचारला तरी सांगतील. पण ‘‘काका, तुमची रायफल कुठल्या कारखान्याची होती?’’ असं विचारलंत की सरळ उत्तर येतं, ‘‘सरकारची.’’ त्यामुळे हा प्रश्न विचारूच नका.

मी छत्री देते. खरंच. जुनी, लांब दांड्याची, काळी छत्री. काकांच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, ‘‘सफाई कशी करायचे ते दाखवा की.’’ मग बघा काय होतं. एका काकांचे हात कंपाने थरथरायचे, चहाचा कप बशीवर वाजायचा. छत्री मांडीवर आडवी पडली आणि हात थांबले. बट प्लेटचं झाकण उघडलं, आतून तेलाची बाटली आणि फुलथ्रू, म्हणजे बॅरल साफ करायची दोरी, काढला, चार बाय दोनची चिंधी फासात अडकवली, बॅरलमधून ओढली. यातलं काहीच तिथे नव्हतं, सगळं हवेत. मग चिंधीने पुसत पुसत उजवा अंगठा एका जागी येऊन घासायला लागला. छत्रीच्या मुठीच्या जरा पुढे. तिथे मी विचारलं, ‘‘इथे काय कोरलेलं होतं?’’

‘‘मुकुट. खाली जी, आर, आय. मग इशापूर. मग साल, एकोणीसशे बेचाळीस.’’ एका दमात.

थ्री नॉट थ्रीची ही जागा लक्षात ठेवा. लाकडी बट जिथे लोखंडात शिरतो तिथला पट्टा, उजव्या अंगाला, बोल्टच्या मुठीखाली. जुन्या नंबर वन मार्क थ्री रायफलीची सगळी जन्मकुंडली तिथेच असते. रोज पुसण्याची जागा, म्हणून डोळ्यांपेक्षा अंगठ्याला जास्त पाठ.

आता माझी पहिली फजिती. हे मी टाइप केलं ते असं: ‘रायफल जी.आर.आय. कंपनीने इशापूर येथे तयार केलेली होती.’ काकांची मुलगी वाचून इतकी हसली की चहा सांडला. जी.आर.आय. म्हणजे जॉर्जियस रेक्स इम्परेटर, बादशहा जॉर्ज! लॅटिन. कंपनी कसली आली. इशापूर मात्र बरोबर. कोलकात्याजवळची रायफल फॅक्टरी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथे रायफली होताहेत. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला, अशोकाचे सिंह आले आणि आर.एफ.आय., म्हणजे रायफल फॅक्टरी इशापूर, ही अक्षरं आली. काका सिंह म्हणतात की मुकुट, एवढ्यावरून रायफल १९४७ च्या अलीकडची की पलीकडची ते साधारण उमगतं.

म्हणून अक्षरं जशी सांगतील तशी, त्याच क्रमाने लिहा. अर्थ नंतर लावा. इंग्रजी न शिकलेल्या काकांकडून तर चित्रच काढून घ्या. कागद-पेन्सिल द्या. एकांनी मला कावळ्याचा पाय काढून दिला, खाली उभी रेघ. तो सरकारी मालाचा बाण होता, खाली इंडियाचा आय. दुसऱ्या एका काकांनी सांगितलं, प्रत्येक भागावर ‘पाच’ कोरलेला होता, पण चौकोनी पाच. हा पाच मला सहा महिने छळत होता. तो पाच नव्हताच, चौकोनी एस होता, सॅव्हेजचा.

आता सॅव्हेज कोण ते सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या लोकांना इशापूर सोडून दुसरं नाव आठवलं तर बरेचदा हेच असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला रायफली पुरेनात. बर्मिंगहॅमजवळचं शर्ली, लिव्हरपूलजवळचं फझाकर्ली, यॉर्कशायरमधलं माल्टबी, हे त्यांचे कारखाने कमी पडले. मग नंबर फोर, म्हणजे थ्री नॉट थ्रीचीच पुढची आवृत्ती, अमेरिकेत सॅव्हेजने आणि कॅनडात टोरांटोजवळच्या लाँग ब्रांचने केली. सॅव्हेजने १० लाखांहून जास्त, लाँग ब्रांचने ९ लाखांच्या आसपास. सॅव्हेजची ओळख सोपी. डाव्या अंगाला ‘यू.एस. प्रॉपर्टी’ असा शिक्का आणि नंबराच्या आकड्यांमध्ये एक सी. हा सी चिकोपी फॉल्स या गावाचा. लाँग ब्रांचच्या नंबरात तसाच एल.

‘यू.एस. प्रॉपर्टी’ वाचून काका हमखास सांगतात, ‘‘ती अमेरिकन फौजेची रायफल होती.’’ नव्हती. अमेरिकेने ती उधार-उसनवारीच्या कायद्याखाली दोस्तांना दिली, कागदोपत्री मालकी आपली ठेवली, म्हणून तो शिक्का. अमेरिकन फौजेने ही रायफल कधीच आपली मानली नाही. पण काकांना तिथल्या तिथे दुरुस्त करू नका. ते बोलायचे थांबतात. माझं तसं झालंय, दोनदा.

लाँग ब्रांचची दुसरी फजिती. काका म्हणाले ‘लाँग ब्रांच’, मी ऐकलं ‘लाँग बॅरल’ आणि तसंच ठोकलं. अनोळखी नाव कानावर पडलं की कान त्याला ओळखीचं करून टाकतात. त्यामुळे नाव आलं की थांबा, एकेक अक्षर विचारा, नाहीतर त्यांनाच लिहायला सांगा. शर्लीच्या रायफलीवर तर नावच नसायचं, एम ४७ सी असा संकेत. युद्धात कारखान्यांची नावं लपवायला असे संकेत दिले होते, एम म्हणजे मिडलँड्स. एखादे काका म्हणाले ‘‘नाव नव्हतं, नुसता नंबर होता’’ तर त्यांचं विस्मरण समजू नका.

आता मुख्य गोष्ट. ती मला एका आर्मरर, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणाऱ्या, दादांनी शिकवली. ई.एम.ई. या फौजेच्या यांत्रिक दुरुस्ती विभागातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, महूलाच घर केलेले. त्यांना मी अंडरवुडवाल्या सुभेदारांची गोष्ट हसतहसत सांगितली. ते हसले नाहीत.

‘‘नाव कुठे वाचलं म्हणाले ते?’’

‘‘कार्बाइनवर.’’

‘‘कार्बाइनवर कुठे? बॅरलच्या तोंडाशी की नेम धरायच्या साइटच्या मागे?’’

मी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी माझ्या मशीनकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. अमेरिकेला महायुद्धात हलकी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, हवी होती, एम वन. ६० लाखांवर बनवल्या. बंदुकांचे नेहमीचे कारखाने आधीच गुंतलेले. मग कंत्राटं गेली भलत्यांकडे. सगळ्यात जास्त जनरल मोटर्सच्या इनलँड शाखेने केल्या. अंडरवुड, टाइपरायटरवाले, यांनी ५ लाखांवर. आय.बी.एम.ने साडेतीन लाखांच्या जवळपास. नॅशनल पोस्टल मीटर, पाकिटांवर टपालाचा शिक्का मारणारी यंत्रं करणारे. रॉक-ओला, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या ज्यूकबॉक्सवाले, त्यांनीही २ लाखांवर. स्मिथ-कोरोना, पुन्हा टाइपरायटरवाले, यांनी कार्बाइन नाही, पण स्प्रिंगफील्डची जुन्या घडणीची रायफल केली.

टाइपरायटरवाल्यांना हे जमलं यात मला नवल वाटलं नाही. मशीन उघडून साफ करणाऱ्याला विचारा. शेकडो बारीक पोलादी भाग, प्रत्येक टाइपबार एकाच जागी येऊन आपटला पाहिजे, केसाइतकाही फरक चालत नाही, आणि हे सगळं दिवसाला हजारो ठोके खात वर्षानुवर्षं. असा माल हजारोंनी काढणाऱ्याकडे यंत्रं, गेज, हात सगळं तयार असतं. उलटही झालंय. रेमिंग्टन मुळात बंदुकांचे कारखानदार, त्यांनी १८७३ साली टाइपरायटरचं काम घेतलं. ज्या रेमिंग्टनवर मी शेकडो पोरांना इंग्रजी शिकवलं त्याचे पूर्वज तिकडचेच.

आता आर्मरर दादांचा प्रश्न, तोंडाशी की साइटच्या मागे. कार्बाइनवर करणाऱ्याचं नाव मागच्या साइटमागे बॉडीवर असतं. पण नंतर दुरुस्तीत जी नवी, सरकणारी साइट बसवली तिचा पाया लांब, तो नेमका त्या नावावर बसतो. बॅरलवरही नाव असतं, पुढच्या साइटच्या मागे, आणि अंडरवुडने बॅरलं इतर कारखान्यांनाही पुरवली. क्वालिटी हार्डवेअर नावाचे एक कंत्राटदार तर स्वतः बॅरल करतच नव्हते, सगळी दुसऱ्यांची. म्हणजे काकांनी नाव तोंडाशी वाचलं असेल तर बॅरल अंडरवुडचं, बाकी बंदूक कुणाची ते सांगता येत नाही. १९५३ सालच्या कोरियात नाव तोंडाशीच दिसलेलं असण्याचा संभव जास्त.

म्हणून माझ्या फॉर्मात आता एक रकाना पक्का आहे: ‘नाव कोणत्या भागावर?’ हा भरल्याशिवाय पुढे जात नाही. बॅरल बदलतं, बोल्ट बदलतो, लाकूड तर बदलतंच. वर्कशॉपमध्ये दहा रायफली उघडल्या की त्याच दहा परत जुळतील याची खात्री नाही.

सुभेदार काकांकडे मी पुन्हा गेले, तोवर ते कुणाला ओळखत नव्हते. पण त्यांची बाकीची गोष्ट पडताळून पाहता आली, आणि ते कसं करायचं तेही सांगते. नाव पडताळायच्या आधी माणूस तिथे होता का ते बघा. भारताची कस्टोडियन फोर्स १९५३ च्या सप्टेंबरात कोरियाला गेली, मेजर जनरल थोरातांच्या हाताखाली. परत जायला नकार देणाऱ्या २२ हजारांवर युद्धकैद्यांना सांभाळायचं काम. काका म्हणाले होते, ‘‘आम्हांला त्यांच्या भूमीवर पाय ठेवू दिला नाही, हेलिकॉप्टरने उचलून नेलं.’’ मला ही फुशारकी वाटली होती. पण खरंच, दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय सैन्याला आपल्या हद्दीत उतरू देईनात, म्हणून जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही कोरियांच्या मधल्या पट्ट्यात नेलं. छावणीचं नावही काकांनी बरोबर सांगितलं होतं, हिंद नगर. कार्बाइन त्यांनी रसद आणणाऱ्या अमेरिकन ड्रायव्हरच्या सीटमागे पाहिली होती. एवढं जुळल्यावर अंडरवुड हे नाव त्यांनी मनाने घातलं असेल असं मी म्हणणार नाही.

उलट उदाहरणही ठेवा जवळ. व्हिएतनामहून आलेले कितीतरी अमेरिकन सैनिक सांगत की त्यांच्या एम सोळाच्या हँडगार्डवर मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीचा शिक्का होता. मॅटेलने ही रायफल केलीच नाही. प्लास्टिकच्या रायफलीची चेष्टा म्हणून सुरू झालेली गोष्ट लोकांना डोळ्यांनी पाहिल्यासारखी आठवायला लागली. आणि गंमत म्हणजे त्याच एम सोळा खरोखरच जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक शाखेने, मोटारींचे ऑटोमॅटिक गिअर करणाऱ्यांनी, केल्या. भलतं वाटणारं खरं आणि साधं वाटणारं खोटं, दोन्ही असतं.

त्यामुळे पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘पाहिलं’, उजवीकडे ‘ऐकलं’. प्रत्येक वाक्याला विचारा, ‘‘हे तुम्ही वाचलंत की कुणी सांगितलं?’’ न चिडता विचारा. पोहे द्या आधी, वर शेव-जिरावन भुरभुरून. अपने इंदूर में खाल्ल्याशिवाय कुणी खरं बोलत नाही.

आपल्याकडची एक ‘ऐकलं’वाली गोष्ट वारंवार येते. चौकोनी मॅगझिनची, बारा गोळ्यांची बोल्टवाली सात पॉइंट बासष्ट, टू ए आणि टू ए वन. सगळे सांगतात, जुन्या थ्री नॉट थ्रीला नवं बॅरल लावलं. तसं नाही. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने ही नव्याने केली, नव्या काडतुसाचा दाब झेपेल असं जास्त मजबूत पोलाद वापरून. पट्ट्यावर तसं स्पष्ट कोरलेलं असतं, आर.एफ.आय. आणि साल. साल साठीतलं असलं की जुनी रायफल असण्याचा प्रश्नच नाही. एस.एल.आर. आणि इन्सास या नंतरच्या रायफलींबद्दल फार सांगत नाही. तिथे इशापूर, तिरुचिरापल्ली, कानपूर एवढीच नावं येतात आणि काकांना त्यांत रसही नसतो. ते लगेच थ्री नॉट थ्रीवर परत जातात.

बोलणं अडलं तर महूचं इन्फंट्री म्युझियम आहे. इंदूरहून पंचवीस किलोमीटरच्या आत. वेळ आधी विचारून घ्या, ओळखपत्र बरोबर ठेवा आणि काकांना सकाळी न्या, दुपारी ते थकतात. काचेपलीकडची रायफल बघून जे आठवतं ते घरी दहा वेळा विचारून येत नाही. वही बाहेर काढू नका लगेच. आधी त्यांना उभं राहू द्या.

आणि थोडी पथ्यं. सध्या नोकरीत असलेल्यांना हे विचारायचं नाही. कुठली पलटण कुठे किती हत्यारांनिशी होती हे लिहायचं नाही. रायफलीचा पूरा नंबर कागदावर आला तरी बाहेर देताना मधले आकडे गाळा. कुणाच्या घरी माळ्यावर खरंच काही निघालं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. लायसन्सशिवाय ते ठेवणं गुन्हा आहे, आजोबांची आठवण असली तरी.

शेवटचं काम वाचून दाखवण्याचं. पूर्ण पान टाइप झालं की मोठ्याने वाचायचं, मग त्यांची सही, तारीख, वय. एक प्रत त्यांना. हे टाळू नका, इथेच सगळ्यात चांगल्या दुरुस्त्या होतात. देवासकडचे एक काका, पासष्टच्या लढाईतले. पकडलेल्या शस्त्रांच्या ढिगात त्यांना एक अमेरिकन गरँड रायफल सापडली, निशाणा घ्यायला धरली की डोळ्यासमोर साइटच्या मागे नाव, इंटरनॅशनल हार्वेस्टर. पुढे गावात पाटलांकडे इंटरनॅशनल बी-२७५ ट्रॅक्टर आला तेव्हा ते बॉनेटवरचं नाव बघून दचकले. पाकिस्तानला अमेरिकेने गरँड दिल्या होत्या आणि ट्रॅक्टरवाल्या हार्वेस्टरने त्या १९५३ नंतर तीन-एक वर्षं केल्या होत्या, तेव्हा जुळत होतं. आर्मरर दादांनी त्यातही पाचर मारली. हार्वेस्टरला बॉडी वेळेवर जमेनात तेव्हा काही स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्याने त्यांचंच नाव घालून करून दिल्या. तेही मी तळटीप म्हणून घातलं.

सगळं वाचून झालं. ‘मला ढिगात एक रायफल सापडली’ या ओळीवर काकांनी बोट ठेवलं.

‘‘मला नाही. आम्हांला. ढीग प्लाटूनचा होता.’’

मी खोडून ‘आम्हांला’ केलं. मग कार्बनखालच्या दोन्ही प्रतींवरही.